राहायचं की खायचं

रविवार, १ सप्टेंबर १९९६. कालगुर्ली.

आबा एकदा म्हणाले होते की पद्मे, हॉटेलवाल्याच्या पोरीनं हॉटेलात गिऱ्हाईक होऊन बसू नये, तिचा जीव दुसऱ्याच्या कपात अडकतो. मी तेव्हा अकरा वर्षांची. विट्याला एसटी स्टँडसमोर आमचं हॉटेल, आत सहा टेबलं, बाहेर दोन बाकडी, आणि मी डाव्या हातात चार कपबशा घेऊन चालले होते.

आज हे आठवायचं कारण: नवऱ्याला, शिरीषला, इथल्या खाण कंपनीकडून ऑक्टोबरात खाण इंजिनियरांच्या परिषदेसाठी हरारेला पाठवताहेत. झिम्बाब्वेची राजधानी. बायकांनाही नेताहेत. मुक्काम ‘द अल्बर्ट’ नावाच्या हॉटेलात. पंचाऐंशी वर्षं जुनं. ब्रोशरमध्ये पितळी जाळीची लिफ्ट, संगमरवरी जिना, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, पांढऱ्या हातमोज्यांतले वेटर. शिरीष म्हणाला, तू कंटाळशील, दिवसभर तुला काही काम नसेल. म्हटलं, तेच तर हवंय.

ठरलं. पाच दिवस नुसतं बसायचं. आणून देतील ते घ्यायचं. एकदाही उठायचं नाही. आबांचं एक तरी वाक्य खोटं पाडायला हवं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

वेंडीही येणार. शिरीषच्या जनरल मॅनेजरची बायको. चार वर्षांत तिनं मला एकदाही घरी बोलावलेलं नाही. सुपरमार्केटमध्ये दिसली की ओळखीपुरतं हसते आणि डब्यांवरची लेबलं वाचायला लागते. कुणीतरी तिचे कान भरलेले असणार.

पहिली भेट मात्र मी जिंकले होते. आम्ही नवे आलो होतो. कंपनीच्या बार्बेक्यूला तिनं विचारलं, वडील काय करायचे. म्हटलं, हॉटेल होतं. माझ्याच नावाचं, हॉटेल पद्मा. ती एकदम खुलली. म्हणाली, माझ्याही डॅडचं हॉटेल होतं, नॉर्समन गावात. आता इकडे ऑस्ट्रेलियात हॉटेल म्हणजे पब. बियर, सिगरेटी आणि घोड्यांच्या शर्यती. मी शांतपणे सांगितलं, आमचं तसल्या प्रकारचं नव्हतं. तिचा चेहरा उतरला. मग जरा जपून विचारलं, मोठं होतं का. म्हटलं, गावातलं सगळ्यात जुनं. (खरं आहे.) लोक लांबून यायचे. (एसटीने.) एक शब्द खोटा नाही. तिनं मनातल्या मनात संगमरवर बसवून घेतलं असेल तर तो तिचा प्रश्न.

सोमवार, १६ सप्टेंबर. गणेश चतुर्थी.

लूसी मोदक खायला आली. मूळची वसईची, इथल्या हॉस्पिटलात नर्स. नवरा ऑगस्टिन शिरीषच्याच ऑफिसात, त्यामुळे टळत नाही. मोठ्यानं बोलते, त्याहून मोठ्यानं हसते आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात न विचारता झाकणं उघडून बघते. तीही हरारेला येणार.

चौथ्या मोदकाला म्हणाली, वेंडी सांगत होती तुझ्या वडलांचं हॉटेल होतं म्हणून. कसलं गो? राहायचं की खायचं?

तूप माझ्या हातावर सांडलं. अख्ख्या कालगुर्लीत हा प्रश्न सुचेल अशी एकच बाई, आणि ती माझ्याच टेबलाशी बसलेली. म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, दोन्ही म्हणजे कसं काय? तेवढ्यात आमच्या सावनीनं, वय वर्षं पंधरा, पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं, ट्रक ड्रायव्हर्स स्लेप्ट ऑन द बेंच.

लूसी एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मीच दिलं.

ठराव: हरारेत लूसी आणि वेंडी एका टेबलावर बसता कामा नयेत.

शनिवार, २१ सप्टेंबर

विश्रामचं पत्र. धाकटा भाऊ. आबांच्या मागे हॉटेल तोच चालवतो. तीन वर्षांनी पत्र, आणि तेही अर्धं पान. रस्ता रुंद होतोय, स्टँडसमोरची सगळी ओळ पाडणार. आपल्या हॉटेलाचा शेवटचा दिवस तीन नोव्हेंबर. मागच्या गल्लीत नवीन बांधलंय. मग लिहितो, ‘नाव तुझं आहे म्हणून विचारतो. पद्माच ठेवू की बदलू? पेंटर थांबलाय. दसऱ्यापर्यंत कळव.’ कशी आहेस, मुलं कशी आहेत, काही नाही.

तीन वर्षांपूर्वी आबा गेले, तेव्हा मला तिकीट मिळून पोचायला तेरावा उजाडला. मुलांना बाधायला नको म्हणून सांगलीत लॉजवर उतरले. हॉटेलात गेले ते पाण्याची बाटली हातात घेऊन. विश्रामनं आधी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. एक खुर्ची पुसली आणि म्हणाला, बस अक्का, गिऱ्हाईक उभं राहिलेलं बरं दिसत नाही. सगळ्यांसमोर.

विसरलेली नाही. विसरणारही नाही. उत्तर देईन सवडीनं. चांगल्या कागदावर.

शनिवार, २८ सप्टेंबर

सराव. शिरीषनं चहा आणून द्यायचा, मी बसून घ्यायचा, असं ठरलं. त्यानं बशीत सांडला. मी सात मिनिटं बसले. आठव्या मिनिटाला उठून बशी पुसली, त्याचा कप विसळला, ओटा पुसला, चहाचा डबा जागेवर ठेवला. शिरीष म्हणाला, तिथेही असंच होणार. म्हटलं, हे घर आहे. हॉटेलात मला बसता येतं.

तरी खबरदारी म्हणून उंच टाचांचे बूट घेतले. घातले की पटकन उठताच येत नाही. पोटऱ्या दुखतात, पण त्याला इलाज नाही. योजना चांगली आहे.

रविवार, ६ ऑक्टोबर. विमानात.

पर्थहून निघालो. लूसी माझ्या शेजारी. खिडकी तिला हवी होती, तिला मिळाली. जेवण झाल्यावर मी आमच्या ओळीतले सगळे ट्रे एकावर एक रचून हवाईसुंदरीच्या हातात दिले. लूसीनं एक भुवई वर केली. विमान म्हणजे काही हॉटेल नव्हे. हे धरायचं नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर. हरारे, द अल्बर्ट.

रस्त्यांवर जांभळ्या फुलांचा सडा. सगळे त्याचे फोटो काढत होते. मी नाही काढले, मी हॉटेल बघायला आलेय.

लिफ्ट आहे, पितळी आहे, बंद आहे. चार जिने चढून वर. जिना संगमरवरी आहे, टाचा घसरतात. आंघोळीच्या टबाला सिंहाचे पाय आणि नळाला गंजाचं पाणी. खोलीत चहाचा कप, कानाशी तडकलेला. असला कप आबांनी गिऱ्हाईकापुढे ठेवला नसता. दगडावर आपटून फोडायचे, सगळ्यांना दिसेल असा. मी तक्रार करणारच होते. फोन उचललासुद्धा. मग वाटलं, कुणाला तरी बोलणी बसतील. कप फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवून दिला. आबांना हे मुळीच पटलं नसतं.

संध्याकाळी पलंग नीट करायला बाई आली. मी आधीच केला होता. ती चादरीचा कोपरा बघत राहिली. म्हणाली, व्हेरी गुड, मॅडम. मला बरं वाटलं याचा मला राग आला.

नाश्त्याचा हिशेब मात्र समाधानकारक. बावीस मिनिटं सलग बसले. वेंडी आणि लूसी यांच्यात दोन टेबलं आणि एक खांब ठेवला. व्हरांड्यातल्या वेटरचं नाव मिस्टर मोयो. साठीचे असतील. एकतीस वर्षं इथेच आहेत. भरलेला ट्रे कानाच्या उंचीवर धरतात आणि वळताना आधी खांदा वळवतात, मग ट्रे. बशीत थेंब नाही. मी काही बघत नव्हते, समोरच येत होते.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

टेबलाच्या खणात हॉटेलचे कागद. जाड, मलईच्या रंगाचे, वर सोनेरी मुकुट. विश्रामला उत्तर द्यायचा हाच कागद.

‘चि. विश्राम, सध्या मी द अल्बर्टमध्ये उतरले आहे. नाव खुशाल बदल. भजी आणि मिसळीच्या जागेला माझं नाव असावं अशी माझी इच्छा नाही. गिऱ्हाइकाला विचारायचं कारणही नव्हतं. पद्मा.’

तीनदा वाचलं. फार बरं वाटलं. साडेतीनला खाली डेस्कवर पोस्टात टाकायला दिलं. डेस्कवरचा माणूस म्हणाला, चारच्या टपालात जाईल, मॅडम. चोख व्यवस्था. याला म्हणतात हॉटेल.

वर येताना जिन्यातला फोटो नीट बघितला. १९३१ साल. पुढे खुर्च्यांत पाहुणे, प्रत्येकाचं नाव खाली छापलेलं, अगदी मांडीवरच्या कुत्र्याचंसुद्धा. मागे ओळीनं उभी असलेली काळी माणसं. त्यांच्याखाली एकच शब्द, स्टाफ. डावीकडून तिसऱ्याच्या खांद्यावर फडकं आहे. दुपारी गर्दी ओसरली की आबा असेच उभे राहायचे, फडकं खांद्यावर आणि एक हात टेबलावर. बसायचे नाहीत.

तिथे बराच वेळ उभी होते. टाचा दुखत होत्या म्हणून.

बुधवार, ९ ऑक्टोबर

बायकांसाठी सहल होती. गेले नाही. बसून राहिले. दिवस जाता जात नाही. हेच सुख असणार, सवय नाही म्हणून कळत नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

दुपारी चारला व्हरांड्यात बायकांचा चहा. मी वेंडीच्या शेजारी, पाठ ताठ, टाचांचे बूट घालून. लूसीला कोपऱ्यात, कुंडीतल्या मोठ्या झाडामागे बसवलं होतं. तिनं खुर्ची ओढत आमच्याच टेबलाशी आणली. सगळ्या व्हरांड्याला फरशीचा आवाज. बसल्या बसल्या वेंडीला विचारलं, हिचं हॉटेल यापेक्षा मोठं होतं का गं. वेंडी म्हणाली, मला तसंच वाटत आलंय. मी काकडीचं सँडविच तोंडात भरलं.

तेवढ्यात टूरिस्टांची बस आली. तीसेक माणसं एकदम व्हरांड्यात. बाकीचे वेटर परिषदेच्या हॉलमध्ये, इथे मिस्टर मोयो आणि आणखी एकजण. चहा तयार होता, न्यायला हात नव्हते. मागच्या टेबलावर एक म्हातारी दोनदा हात वर करून खाली घेऊन बसली. पाच नंबरच्या टेबलावर उष्टे कप तसेच, आणि लोक त्यांच्यापुढेच बसलेले. मिस्टर मोयोंचा ट्रे पहिल्यांदाच कानाच्या खाली आला.  मी साठपर्यंत आकडे मोजायचे ठरवले.

पुढचं मला नीट आठवत नाही.

एवढं आठवतं, की बूट टेबलाखाली राहिले. फरशी गार होती. पाच नंबरचे उष्टे कप उजव्या हातात, बशा कोपराच्या बेचक्यात, नॅपकिननं टेबल एका फटक्यात साफ. आतल्या दाराशी जाऊन मी ओरडले, तीन फुल, दोन बिनसाखरेचे, हात चालवा. मराठीत. आतल्या माणसानं बोटं मोजून पाच कप पुढे केले. चार डाव्या हातात, एक उजव्या. बशीत थेंब नाही. म्हातारीनं गरम पाणी मागितलं, नेऊन दिलं. कुणीतरी मला मिस म्हणून बोट वर केलं. म्हटलं, आले. अकरा टेबलं फिरले असेन. तीस वर्षांत हाताचं वळण गेलेलं नाही. मला इतकं हलकं कधी वाटलं होतं ते आठवेना.

मग वळले, तर समोर आमचं टेबल.

लूसीच्या डोळ्यांत हसून पाणी आलेलं. मोठ्यानं म्हणाली, खायचंच होतं की गो. मग लपवत कशाला होतीस? वेंडीनं विचारलं, ती काय म्हणतेय. आता सगळं संपलं असं मला वाटलं. लूसीनं सरळ इंग्रजीत सांगून टाकलं, हिच्या डॅडचं चहाचं दुकान होतं, आणि हिचा हात बघता चांगलं चालत असणार.

वेंडी माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली की तिच्या डॅडचा पब म्हणजे पत्र्याची खोली होती. दहाव्या वर्षापासून ती दोन्ही हातांत बियरचे चार चार जग न्यायची. त्या बार्बेक्यूला तिला वाटलं होतं, या एवढ्या कंपनीत अखेर आपल्यासारखी एक भेटली. मग मी म्हणाले आमचं तसल्या प्रकारचं नव्हतं, आणि तिला वाटलं, ही फार वरची बाई. आपल्या घरी हिला काय बोलावणार, आपल्या किचनला फरशीऐवजी लिनोलियम आहे. बोलता बोलता तिनंही बूट काढले आणि दुधाचे जग उचलले.

मला तिचा राग आला. चार वर्षं फुकट घालवली तिनं. राग इतका, की तिच्या हातातला जग काढून घेतला. दूध चहाच्या आधी ओतत होती.

तेव्हा मिस्टर मोयो जवळ आले. मला वाटलं आभार मानतील. काय उत्तर द्यायचं तेही मी ठरवलं होतं. त्यांनी माझ्या हातातले कप एक एक करून काढून घेतले, अगदी अदबीनं. आवाज खाली आणून म्हणाले, मॅडम, प्लीज, बसा. सुपरवायझर बघतोय. पाहुणे कप उचलायला लागले की नाव माझं जातं. आणि खुर्ची मागे ओढून धरली.

बसले.

दुसऱ्यांदा मला कुणीतरी असं बसवलं. विश्रामनं खुर्ची पुसली होती तेव्हा त्याच्या हातात आबांचं फडकं होतं. हे मला इतकी वर्षं माहीत होतं, पण आठवलं आज. दिवसभराचं हॉटेल एकट्यानं ओढून तेराव्याचं जेवण वाढत होता तो, आणि मी बाटली घेऊन दारात उभी.

अनवाणी तशीच डेस्कवर गेले. परवा दिलेलं पत्र परत हवंय म्हटलं. डेस्कवरचा माणूस हसून म्हणाला, काळजी नको मॅडम, मंगळवारी चारलाच गेलं.

हे एक काम तरी या हॉटेलनं ढिसाळपणे करायचं होतं.

रविवार, १३ ऑक्टोबर. कालगुर्ली.

परत. घरात लाल धूळ. बूट लूसीला दिले, तिला बसतात. म्हणाली, माझ्यावर रागावलीयस ना. म्हटलं, हो. म्हणाली, बरं, आणि फ्रीज उघडून बघितला.

पत्र पोचणार नाही. दोन देशांचं टपाल आहे, मध्ये मुंबईचं सॉर्टिंग. अशी किती पत्रं गहाळ होतात. शिवाय पत्ता मी घाईत लिहिला होता. (सुवाच्य होता. पिनकोडसकट.)

उद्या विश्रामला फोन करायचा. पत्र पोचायच्या आत.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

काल केला नाही. इथले साडेआठ म्हणजे तिथले सहा, सकाळची पाळी. तो कामात असणार.

शनिवार, १९ ऑक्टोबर

दुपारीही नको. आज विट्याचा बाजार नसतो, पण सणाची गर्दी असेल. संध्याकाळी वेंडीकडे जेवायला. लिनोलियम खरंच आहे. मी भांडी घासली, तिनं पुसली.  तिथे मला कुणी बस म्हणालं नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

दसरा होऊन गेला. आता फोन केला तर उशीर, आणि नाही केला तरी उशीर. त्यामुळे घाई नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर

सकाळी साडेआठला लावला. एका रिंगमध्ये उचलला, मागे स्टोव्हचा आवाज, कपबशांचा आवाज, कुणीतरी पाव मागत होतं. मी फक्त विश्राम म्हटलं. तो म्हणाला, पत्र मिळालं.  तो म्हणाला, कागद चांगलाय, तनयानं मुकुट कापून वहीला लावला. तनया त्याची मुलगी. मी तिला एकदाच बघितलंय, तेराव्याला, वाढताना. विचारलं, पाटीवर काय लिहिलंस. म्हणाला, तुला काय करायचंय अक्का. आवाज चिडका नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलतो तसा होता. मग म्हणाला, माणसं खोळंबलीत, ठेवतो.

फोन आठ मिनिटं हातातच होता. शिरीषनं चहा आणून ठेवला. बशीत सांडलेला. मी तो तसाच प्यायले.

पर्थच्या एजंटला तिकीट सांगितलंय. स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर फॅक्स येतो, बूथवाला संजीव दोन दुकानं सोडून आहे, नेऊन देईल. सोमवारी शिरीषच्या ऑफिसातून पाठवायचा. विश्राम नाही म्हणणार. खुर्ची पुसून ठेवेल. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. तरी मजकूर लिहून ठेवते, याच वहीच्या पानावर, साध्या.

‘विश्राम, नाव काय ठेवलंस ते विचारत नाही. दोन तारखेला संध्याकाळी मी विट्याला पोचते. घरीच उतरेन. बाटली आणणार नाही. तीन तारखेला सकाळच्या पाळीला मला टेबलं दे. आतली नको असतील तर बाहेरची दोन बाकडी दे. मला बस म्हणू नकोस.’